काळी माती, जांभा आणि निळी शाई: नॅनोमीटरमधली चिकटाचिकटी घरच्या घरी कशी मोजायची

पावसाळ्यात काळ्या रानातून चालून आलं की चप्पल दोन किलोची होते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, आणि कोकणात जांभ्याच्या वाटेवरून कितीही चाललं तरी पाय लाल होतात पण चप्पल तेवढीच राहते हेही माहीत असतं. माझं गाव काळ्या मातीतलं आणि आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे लहानपणापासून हा फरक पायाला माहीत होता. तो डोक्यात शिरला खूप नंतर, कोल्हापूरकडे एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये कामाला लागलो तेव्हा. तिथे रोज सकाळी साच्याच्या वाळूत मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे थेंब टाकून बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) किती जिवंत आहे ते बघायचं काम होतं. तीच टेस्ट एकदा गावच्या मातीवर करून बघितली आणि मग नादच लागला.

तर हा लेख त्याबद्दल. मातीतल्या खनिजांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू (म्हणजे रंग, औषधं, तणनाशकं, शेणखतातले पदार्थ) कसे चिकटतात, आणि हे सगळं एक-दोन नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जागेत घडत असलं तरी इंजेक्शनची सिरिंज, फिल्टर पेपर आणि छोटा वजनकाटा एवढ्यावर ते कसं मोजायचं. मायक्रोस्कोप लागत नाही. नववी-दहावीच्या मुलांना सोबत घेऊन करता येतं, फक्त निळे डाग पडले म्हणून आईची बोलणी खायची तयारी ठेवा.

आधी डोळ्यासमोर चित्र आणा

पापडांचा गठ्ठा घ्या. एक पापड साधारण 1 मिलिमीटर जाड आणि दीड-दोनशे मिलिमीटर रुंद. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा एकेक पापुद्रा प्रमाणात असाच असतो, फक्त मिलिमीटरच्या जागी नॅनोमीटर वाचा: जाडी जेमतेम 1 नॅनोमीटर, रुंदी शेकड्यांत. ही स्मेक्टाइट गटातली खनिजं, त्यातलं ओळखीचं नाव मॉन्टमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या माँमोरियाँ गावावरून पडलेलं. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कुजत कुजत त्याची ही माती झाली.

या पापुद्र्याच्या आत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, आणि ॲल्युमिनियमचा चार्ज प्लस तीन तर मॅग्नेशियमचा प्लस दोन, म्हणजे प्रत्येक अदलाबदलीला एक प्लस कमी पडला आणि अख्खा पापड मायनस झाला. हा मायनस कायमचा, आम्ल टाका नाहीतर सोडा टाका, तो जात नाही. तो भागवायला दोन पापडांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम असले प्लसवाले येऊन बसतात, त्यांच्यासोबत पाणी येतं, आणि पाणी आलं की पापड एकमेकांपासून सरकतात. कोरडी असताना एका पापडापासून पुढच्या पापडापर्यंतचं अंतर 1 नॅनोमीटरच्या आसपास, पाण्याचा एक थर शिरला की सव्वा, दोन थर शिरले की दीड. जमिनीला भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात ते यामुळेच.

जांभ्यात गोष्ट वेगळी आहे. धो-धो पावसाने सिलिका, कॅल्शियम वगैरे धुऊन नेलं, मागे राहिलं केओलिनाइट (वेगळ्या जातीचं चिकणमातीचं खनिज) आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. केओलिनाइटचे पापुद्रे 0.7 नॅनोमीटरचे आणि ते एकमेकांना असे धरून बसलेले असतात की मध्ये पाणीसुद्धा सहज शिरत नाही, दमट हवेत एकमेकांना चिकटून बसलेल्या पापडांसारखे. बाहेरची बाजू आणि कडा एवढीच जागा मोकळी. आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा चार्ज पाण्यावर ठरतो, आंबट पाण्यात तो प्लस, सोड्याच्या पाण्यात मायनस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पाहुणा. मेथिलीन ब्ल्यू हा 1876 साली जर्मनीत बनवलेला रंग. रेणू चपटा, लांबी साधारण 1.7 नॅनोमीटर, रुंदी पाऊण, जाडी तिसरा हिस्सा नॅनोमीटर, आणि अंगावर एक प्लस चार्ज. म्हणजे बघा, आकार असा की दोन पापडांच्या मध्ये आडवा सरकेल, आणि चार्ज असा की तिथे ओढलाच जाईल. पापडांमधल्या सोडियमला हाकलून हा त्याच्या जागेवर आडवा झोपतो. एकदा झोपला की नुसता चार्जच नाही, त्याचं सपाट अंगसुद्धा पापुद्र्याच्या सपाट अंगाला भिडून राहतं, त्यामुळे नंतर मीठ टाकून त्याला उठवायला गेलात तर जवळपास काहीच परत येत नाही. (याला अधिशोषण म्हणतात, म्हणजे पृष्ठभागावर चिकटणं. स्पंज पाणी पितो ते शोषण वेगळं. पण बोलताना सगळे ॲबसॉर्बच म्हणतात, चालतं.)

सामान

मेथिलीन ब्ल्यूची पावडर लॅब केमिकलच्या दुकानात मिळते. मत्स्यालयाच्या दुकानात निळं औषध म्हणून जे मिळतं ते पण हेच, पण त्याची स्ट्रेंग्थ बाटलीगणिक वेगळी असते म्हणून नुसता रंग बघायला ठीक, मोजमापाला नको. सोनाराकडे असतो तसला 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. 5 मिलीची सिरिंज, सुई नको. फिल्टर पेपर, व्हॉटमन नंबर 1 मिळाला तर उत्तम, नाहीतर कॉफीचा फिल्टर. एकसारख्या पाच-सहा काचेच्या बाटल्या, जॅमच्या चालतील. केक सजवायचा निळा खायचा रंग, त्याच्या लेबलवर आयएनएस 133 लिहिलंय का ते नक्की बघा. व्हिनेगर, धुण्याचा सोडा, मीठ.

आणि पाणी डिस्टिल्डच. बोअरचं पाणी वापरून मी पहिले तीन दिवस वाया घालवलेत, त्यातले क्षार प्रत्येक आकड्यात लुडबूड करतात. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण बॅटरीचं पाणी म्हणून मागितलं तर कधीकधी ॲसिड हातात देतात, कॅन वाचून घ्या.

मेथिलीन ब्ल्यू पोटात जाऊ द्यायचा नाही, काही औषधांसोबत तो धोकादायक ठरतो. ग्लोव्हज घाला, जुने कपडे घाला, किचनच्या ओट्यावर अजिबात करू नका.

माती तयार करणं (इथेच बहुतेकांचं चुकतं)

वरची माती घेऊ नका. वरच्या थरात शेणखत, पालापाचोळा, मुळं असतात आणि तो ह्यूमस स्वतःच रंग धरतो, त्यामुळे तुम्ही खनिज मोजताय की खत मोजताय ते कळत नाही. फूटभर खालची घ्या. जांभ्याची रस्त्यासाठी किंवा चिऱ्यासाठी कापलेल्या कडेतली घ्या, जिथे झाडाची मुळं नाहीत. सावलीत वाळवा, खलबत्त्यात हलक्या हाताने फोडा, काळ्या मातीतले चुनखडीचे खडे वेचून टाका, मग मैद्याच्या चाळणीने चाळा. तव्यावर भाजून वाळवायचा शॉर्टकट मारू नका. काळी माती हवेत वाळली तरी बरंच पाणी धरून असते, म्हणून लॅबमध्ये 105 डिग्रीला ओव्हनमध्ये वाळवून वजन घेतात. घरी ते जमत नसेल तर सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच उन्हात वाळवलेले घ्या म्हणजे निदान तुलना तरी खरी राहील.

सोबत दोन नमुने अजून घ्या: धुतलेली नदीची वाळू, आणि भाजलेल्या विटेची पूड. वीट कशाला ते पुढे कळेल. मुलतानी माती घरात असेल तर तीही घ्या, तिचा रिझल्ट ब्रँडप्रमाणे बदलतो आणि त्यात मजा आहे.

पहिला प्रयोग: बाटल्या

अर्धा ग्रॅम मेथिलीन ब्ल्यू 500 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. म्हणजे 1 मिलीत 1 मिलिग्रॅम रंग, पुढचं सगळं गणित यावर. एक बारीक गोष्ट, बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलं असेल तर पावडरमध्ये पाणीही आहे, मग 0.5 ऐवजी 0.58 ग्रॅम घ्यायचा.

आता प्रत्येक बाटलीत 20 मिली हे निळं पाणी आणि 80 मिली साधं डिस्टिल्ड पाणी. एका बाटलीत अर्धा ग्रॅम काळी माती, दुसरीत जांभा, तिसरीत विटेची पूड, चौथीत वाळू, आणि पाचवीत काहीच नाही. ही पाचवी रिकामी बाटली सगळ्यात महत्त्वाची, का ते खाली लिहिलंय. प्रत्येकीत चिमूटभर मीठ टाका, नाहीतर काळी माती दिवसेंदिवस खाली बसतच नाही. 2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात 10 सेंटिमीटर खाली यायला 20 डिग्रीला जवळपास आठ तास घेतो, त्याहून बारीक कण तर त्याहून हळू, मिठाने ते एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि पटकन बसतात. झाकण लावा, पाच मिनिटं हलवा, अर्ध्या तासाने परत हलवा, रात्रभर ठेवा.

सकाळी काळ्या मातीच्या बाटलीतलं पाणी जवळपास पांढरं झालेलं दिसेल, आणि खाली बसलेली माती निळसर-जांभळी. बाकीच्या बाटल्या अजून इतक्या गडद असतील की फरकच कळणार नाही, म्हणून प्रत्येकीतलं वरचं एक चमचा पाणी एकेका ग्लासभर पाण्यात टाकून ते ग्लास खिडकीत ओळीने ठेवा, मग जांभा थोडा फिका, वीट आणि वाळू जवळपास रिकाम्या बाटलीसारखेच असा क्रम लागतो.

विटेचं काय झालं? वीट पण मातीचीच, कधीकधी काळ्या मातीचीच. पण भट्टीत पापुद्र्यांच्या आतलं पाणी, म्हणजे रचनेतच गुंतलेले हायड्रॉक्सिल, निघून जातं आणि पापड कायमचे मिटतात. रंगाला शिरायला फट उरत नाही. फाउंड्रीत आम्ही याला डेड क्ले म्हणायचो, ओतलेल्या लोखंडाच्या शेजारची वाळू भाजून तिच्यातलं बेंटोनाइट मेलेलं असतं, वजन तेवढंच पण काम शून्य, आणि वजनकाट्याला न कळणारी ही गोष्ट निळ्या रंगाला कळते म्हणून तर रोज टेस्ट करायची.

खाली बसलेल्या मातीचा जांभळेपणाही नीट बघा. एकटा रेणू निळा दिसतो, पण दाटीवाटीने दोन-तीन रेणू एकावर एक रचले की ते उजेड वेगळ्या तऱ्हेने गिळतात आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. म्हणजे नॅनोमीटरमधली गर्दी तुम्हाला साध्या डोळ्यांनी दिसतेय.

फसगतीच्या जागा

माझी झालेली सांगतो. एकदा बाटल्या झाकण लावून आठवडाभर विसरलो, येऊन बघतो तर जांभ्याची बाटली पण पांढरी. खूश झालो, दोघातिघांना फोन करून सांगितलंसुद्धा. मग बाटली उघडून हलवली आणि पाणी डोळ्यांदेखत परत निळं होत गेलं. झालं असं होतं की मातीतल्या जिवाणूंनी बाटलीतला ऑक्सिजन संपवला आणि रंगाचं रूपांतर रंगहीन रूपात केलं, रेणू पाण्यातच होता, फक्त दिसत नव्हता. दूध डेअरीत एमबीआरटी (मेथिलीन ब्ल्यू रिडक्शन टेस्ट) म्हणून टेस्ट असते ती अगदी हेच वापरते, रंग जितका लवकर उडेल तितके दुधात जिवाणू जास्त. त्यामुळे नियम: रात्रभरापेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि वाचन घेण्याआधी वरचं पाणी वेगळं काढून हवेत चांगलं ढवळायचं.

दुसरी फसगत उजेड. मेथिलीन ब्ल्यू उन्हात फिका पडतो, बाटल्या कपाटात ठेवा. तिसरी, काच. काचेचा पृष्ठभागही पाण्यात मायनस असतो, थोडा रंग तीच धरते (रिकामी बाटली धुऊन बघा, निळी झाक जात नाही). म्हणून ती पाचवी बाटली. तिच्यात जेवढा रंग कमी झाला तेवढा सगळ्यांतून वजा.

दुसरा प्रयोग: रिंग टेस्ट, आणि कबड्डीची मैदानं

हा माझा आवडता. फाउंड्रीवाले, सिमेंट काँक्रीटवाले, सगळे हीच टेस्ट थोड्याफार फरकाने करतात.

अर्धा ग्रॅम काळी माती 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात टाकून रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं चांगलं ढवळा, एकही गुठळी राहता कामा नये. आता सिरिंजने 5 मिली निळं पाणी टाका, दोन मिनिटं ढवळा, आणि काचेच्या दांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर. मधे गडद निळा ठिपका दिसेल आणि भोवती साध्या पाण्याचं ओलं कडं. म्हणजे सगळा रंग मातीने धरलाय, पाणी मोकळं आहे. परत 5 मिली, परत ढवळा, परत थेंब. कागदावर थेंबांची रांग लावत जा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा लिहा, शाईचं पेन नको, ते पसरतं.

एका टप्प्यावर गडद ठिपक्याभोवती फिकट आकाशी रिंग दिसायला लागेल. थांबा. लगेच संपलं म्हणायचं नाही, कारण आतल्या फटीत शिरायला रेणूला वेळ लागतो. पाच मिनिटं ढवळून परत थेंब घ्या. रिंग गायब झाली तर 1 मिली टाकून पुढे चला, रिंग टिकली तर तो आकडा तुमचा. जांभ्याला सुरुवातीपासूनच 1 मिलीच्या उड्या घ्या, तिथे खेळ लवकर आटोपतो.

हे एसटीच्या सीटांसारखं आहे. जोवर सीट रिकामी तोवर चढणारा प्रत्येक जण बसतो, सीटा भरल्या की पुढचे खाली स्टँडवरच राहतात, आणि तीच ती आकाशी रिंग. पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात आणि त्या भरल्या की संपलं, ही कल्पना इर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी गणितात बसवली. अर्थात एसटीत जसे काही उभ्याने येतातच तसे मेथिलीन ब्ल्यूचेही काही रेणू दुसऱ्यांच्या अंगावर उभे राहतात, वर जांभळेपणा सांगितला तो यांचाच. त्यामुळे आकडा अंदाजाचा, शेवटच्या पैशापर्यंत खरा नाही.

गणित. समजा काळ्या मातीला 80 मिली लागलं. म्हणजे अर्ध्या ग्रॅमला 80 मिलिग्रॅम, ग्रॅमला 160. याला 3.2 ने भागा, आले 50. ही तुमच्या मातीची सीईसी, म्हणजे प्लसवाले धरून ठेवायची क्षमता, मिलिइक्विव्हॅलंट प्रति 100 ग्रॅममध्ये, माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये असते तीच. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची 80 ते 120 असते आणि केओलिनाइटची 3 ते 15, म्हणजे तुमची माती कुठे बसते ते लगेच कळतं.

आता गंमत. एक रेणू आडवा झोपला की साधारण 1.3 चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरतात. रेणूचं मोलर वजन 320 धरून हिशोब केला तर एक मिलिग्रॅम रंग जवळपास 2.45 चौरस मीटर झाकतो. 160 ला 2.45 ने गुणा: 392 चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10, म्हणजे 130. तर एक ग्रॅम काळ्या मातीत, चिमटीत मावेल एवढ्या मातीत, तीन कबड्डीची मैदानं घडी घालून ठेवलीत. जांभ्याला समजा 10 मिली लागलं तर ग्रॅमला 20 मिलिग्रॅम, 49 चौरस मीटर, अर्धं मैदानही नाही. चप्पल का जड होते याचं उत्तर इथे आलं, पाण्याला धरायला जागाच एवढी आहे.

तिसरा प्रयोग: दुसरा निळा

इथपर्यंत वाटेल की काळी माती चिकट आणि जांभा बिनकामाचा. आता केकचा निळा रंग काढा. ब्रिलियंट ब्ल्यू, दिसायला तोच निळा, पण अंगावर मायनस चार्ज.

चार बाटल्या, प्रत्येकीत 100 मिली पाणी, आरपार दिसेल इतपतच फिका निळा रंग (सगळ्यांत सारखा, एका भांड्यात करून मग वाटा) आणि चिमूटभर मीठ. पहिलीत 5 ग्रॅम काळी माती. दुसरीत 5 ग्रॅम जांभा. तिसरीत 5 ग्रॅम जांभा आणि चमचाभर व्हिनेगर. चौथीत माती नाही, फक्त व्हिनेगर, कारण आंबटपणाने रंगच बदलला नाही ना हे बघायला हवं. हलवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी गाळून बघा.

काळ्या मातीत बहुतेक रंग पाण्यातच राहतो. पापड मायनस, रंग मायनस, कोण कुणाजवळ जाणार. जांभ्यात पाणी फिकं पडतं, आणि व्हिनेगरवाल्या जांभ्यात जास्त, कारण आंबट पाण्यात लोखंडाच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग प्लस होतो. किती फिकं पडेल ते तुमच्या जांभ्यात ऑक्साइड किती आणि त्यावर ह्यूमसचं पांघरूण किती यावर, म्हणून कापलेल्या कडेतली माती घ्या म्हटलं. मग व्हिनेगरवाल्या बाटलीतला गाळ वेगळा काढून त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओता आणि हलवा. पृष्ठभाग मायनस झाला की धरलेला रंग सुटायला लागतो. काळ्या मातीतला मेथिलीन ब्ल्यू मात्र असा सोड्याने सुटत नाही, करून बघा. एक चार्ज जन्मजात, दुसरा पाण्याबरोबर फिरणारा, तो हा फरक.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं इथे आहे. माती रंग धरते का असा प्रश्नच चुकीचा, कुठला रेणू आणि कुठला पृष्ठभाग ते आधी विचारायचं.

चौथा प्रयोग: रॉकेल

ही सिव्हिल इंजिनियर लोकांची टेस्ट, आयएस 2720 भाग 40, फ्री स्वेल, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते. पाया घालण्याआधी काळ्या मातीवर करतात, पण रॉकेल कशासाठी हे फार थोड्यांनी विचारलेलं असतं.

100 मिलीचे दोन मेजरिंग सिलिंडर, दोन्हींत 10-10 ग्रॅम चाळलेली कोरडी काळी माती. एकात डिस्टिल्ड पाणी, एकात रॉकेल. ढवळून हवा काढा, 24 तास ठेवा, मातीचा थर कितीपर्यंत आला ते वाचा. पाण्यातल्या आकड्यातून रॉकेलचा वजा करा, रॉकेलच्या आकड्याने भागा, गुणिले 100. चांगली काळी माती 50 ते 100 टक्के सहज दाखवते. आता रॉकेल सहज मिळत नाही, केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन चालवता येतं पण ते दाट, माती बसायला जास्त वेळ द्यावा लागतो. पेट्रोल नको म्हणजे नकोच.

रॉकेल पण सेंद्रिय रेणूच आहे, मग ते का नाही शिरत? कारण त्याला ना चार्ज, ना पाण्यासारखी एक बाजू प्लस-एक बाजू मायनस. पापडांमधल्या सोडियम-कॅल्शियमला त्याच्यात रस नाही, ते पापड उघडत नाहीत. ग्लिसरीन मात्र शिरतं, पाण्यासारखंच ध्रुवीय ना ते. आणि जांभ्यावर ही टेस्ट केलीत तर कधीकधी उत्तर मायनसमध्ये येतं, रॉकेलमध्येच थर जास्त उंच! चूक नाही तुमची. केओलिनाइटचे कण रॉकेलमध्ये एकमेकांना वेडेवाकडे धरून पोकळ ढीग करतात, पाण्यात ते नीट बसतात.

चार्ज नसलेले सगळेच रेणू बाहेर राहतात असंही नाही बरं का. कोंबडीच्या खाद्यात टॉक्सिन बाइंडर म्हणून जे टाकतात त्यात बऱ्याचदा बेंटोनाइट असतं, आणि ते बुरशीचं अफ्लाटॉक्सिन धरतं. अफ्लाटॉक्सिनला प्लस-मायनस काही नाही, पण त्याच्या एका टोकाला शेजारी-शेजारी असलेले दोन ऑक्सिजन पापडांमधल्या कॅल्शियमला पकडतात. मेक्सिकोतल्या माया लोकांनी तर नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून असा निळा रंग केला की शेकडो वर्षांनी भिंतींवर तो अजून टवटवीत आहे, नीळही बिनचार्जचीच, पण त्या मातीतल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी जाऊन अडकली.

शेतात याचा उपयोग

एकच सांगतो, कारण हे रोजचं आहे. फवारणीच्या पंपात ओढ्याचं गढूळ पाणी भरू नका. पॅराक्वाट या तणनाशकाच्या रेणूवर दोन प्लस चार्ज आणि तो मेथिलीन ब्ल्यूसारखाच सपाट, त्यामुळे गढुळातली चिकणमाती त्याला पंपातच गिळून बसते, पानापर्यंत औषध पोचतच नाही. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचं वेगळ्या वाटेने तेच होतं, त्याचं फॉस्फरसवालं टोक लोखंड-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला जाऊन चिकटतं, ज्या जागांवर खतातला फॉस्फेट बसतो त्याच जागांवर. माणसं म्हणतात औषध भेसळीचं होतं, आणि कधीकधी असेलही, पण आधी बादलीचा तळ बघा. पॅराक्वाट पोटात गेलेल्या माणसाला हॉस्पिटलमध्ये मुलतानी मातीच्या जातीची माती पाजतात ती याच कारणाने, पण तो डॉक्टरांच्या हातातला आणि अगदी सुरुवातीच्या वेळातला उपाय आहे, घरी काही करत बसायचं नाही, गाडी काढायची.

पुढे जायचं असेल तर

जवळच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात एक्सआरडी मशीन (क्ष-किरणांनी पापडांमधलं अंतर मोजणारं) असेल तर विनंती करून बघा. मातीचा 2 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग लागेल. तो काढायला माती डिस्टिल्ड पाण्यात मीठ न टाकता ढवळून ठेवायची, खोली 30 डिग्री असेल तर सव्वासहा तासांनी वरचं 10 सेंटिमीटर पाणी सायफनने काढायचं, ते काचपट्टीवर वाळवायचं. अशा दोन पट्ट्या करा, एक साधी, एक इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवलेली. साध्या पट्टीच्या आलेखात दीड नॅनोमीटरच्या आसपास असलेलं शिखर ग्लायकॉलवाल्या पट्टीत 1.7 वर सरकलं तर स्मेक्टाइट नक्की. जांभ्याचं 0.7 चं शिखर जागचं हलत नाही. तिसरी पट्टी मेथिलीन ब्ल्यू पाजलेल्या मातीची करा, रेणू एका थरात आडवा असेल तर अंतर सव्वा नॅनोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे पापडाचा जेमतेम एक आणि उरलेली रेणूची जाडी. पट्टी देताना ऑपरेटरला आधीच सांगा की निळं आहे, नाहीतर होल्डर खराब केला म्हणून ओरडा बसतो.

उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका, विहिरीजवळ किंवा ओढ्यात तर नाहीच. एका जुन्या बादलीत पाच-सहा ओंजळी काळी माती घ्या, त्यात सगळ्या बाटल्या ओता, काठीने ढवळा, मीठ टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं पाणी ग्लासात घेऊन हवेत हलवून बघा, निळं झालं नाही तर ते झाडाखेरीज कुठेही ओता (मीठ आहे त्यात), झालं तर अजून दोन ओंजळी माती.

केकवाला निळा मात्र या बादलीत टाकू नका, तो तसाच राहील. त्याला जांभा आणि व्हिनेगर.